आधी जागा दाखव

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मावशी, आम्ही आठ जणांनी ठरवलंय, दर पंधरा दिवसांनी एकाच्या घरी जमायचं, एक नाटक वाचायचं आणि त्यावर बोलायचं. 'सौभद्र'पासून 'वाडा चिरेबंदी'पर्यंत सगळं. पण पहिल्याच बैठकीत 'छान आहे', 'जुनं वाटतं' एवढ्यावर वीस मिनिटांत गाडी थांबली. पुढे बोलायचं काय?"

फोनवर सुचलं तेवढं सांगितलं, पण मन भरलं नाही. शाळेत मराठी शिकवलं, आणि तीस वर्षं दर शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी नाटकं वाचली. त्यातून जे हाती लागलं ते तिच्यासाठी, आणि तिच्यासारखं काही सुरू करू पाहणाऱ्या सगळ्यांसाठी, इथे लिहिते आहे. यातलं मूळ मात्र माझ्या मामांचं.

मामा हौशी मंडळांच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करायचे. विंगेत एक स्टूल, मांडीवर संहिता, हातात मूठभर उजेडाची बॅटरी. त्यांच्या प्रतीत लाल पेन्सिलीच्या खुणा असायच्या. 'ट' म्हणजे इथे टाळी येते, 'ह' म्हणजे हशा. आणि काही वाक्यांच्या पुढे नुसती एक उभी रेघ. लहानपणी मी विचारलं, ही रेघ कसली? मामा म्हणाले, "इथे नट गप्प होतो. तो विसरलेला नसतो. इथे मी तोंड उघडलं तर नाटक मेलं."

प्रयोगानंतर चहाच्या टपरीवर सगळे जमायचे. कुणी म्हणे, आज रंगला. कुणी म्हणे, दुसरा अंक पडला. मामा सगळ्यांना एकच सांगायचे, "आधी जागा दाखव. कुठल्या वाक्याला पडला? कोण कुठे उभं होतं?" गाण्याच्या मैफलीत आपण म्हणतो, काय जागा घेतली! नट म्हणतात, ही लाफ्टरची जागा, ही टाळीची. नाटक जिथे वळतं, जिथे आपला श्वास अडकतो, तीही जागाच. ती बोटाने दाखवता आली तर मत आपोआप येतं. नुसतं मत आलं तर त्यातून जागा सापडत नाही. माझ्या सगळ्या सांगण्याचं सार एवढंच. बाकीचं, ते करायचं कसं.

नाटक कानाने वाच

अगं, नाटक एकटीने मनात वाचून बैठकीला जाऊ नकोस. तुम्ही आठ जण आहात, भूमिका वाटून घ्या आणि मोठ्याने वाचा. अभिनय करायचा नाही. वाक्य पूर्णविरामापर्यंत नीट न्यायचं, एवढंच. अंक बदलला की भूमिका बदला. 'एकच प्याला'च्या पहिल्या अंकातली सिंधू दुसऱ्या अंकात तळीराम वाचू दे. एकाच तोंडून दोन्ही माणसं गेली की कुणाचीच बाजू घ्यायची घाई राहत नाही.

गडकऱ्यांची वाक्यं डोळ्यांनी वाचली तर लांबच लांब आणि अलंकारांनी लादलेली वाटतात. मोठ्याने वाचलीस की कळेल, ती श्वासाच्या मापाने बांधली आहेत. एक उपमा संपते तिथे श्वास, पुढची तिच्या खांद्यावर चढते. 'एकच प्याला' १९१९ साली रंगमंचावर आलं, आणि त्याच वर्षी जानेवारीत गडकरी गेले होते. त्यांनी स्वतःच्या कानांनी न ऐकलेला प्रयोग तुम्ही तुमच्या दिवाणखान्यात ऐकता आहात, हे मनात ठेवून वाचा.

मग तेंडुलकर वाचा. तिथे अर्धवट वाक्यं, मध्येच तुटलेली, टिंबं टिंबं. वाचणारे घाईने ती टिंबं ओलांडतात. ओलांडू देऊ नकोस. गडकऱ्यांचं माणूस बोलून बोलून मोकळं होतं, तेंडुलकरांचं माणूस न बोललेल्यात अडकतं. हा फरक कुठल्याही टीकाग्रंथापेक्षा आधी तुझ्या घशाला कळेल.

कंसातलं मोठ्याने वाच, वस्तू मोज

आठांतल्या एकाला पात्र देऊ नकोस. त्याने फक्त रंगसूचना वाचायच्या, कंसातली एकूण एक. बहुतेक वाचक कंस गाळतात, आणि तिथेच नाटक हातातून सुटतं.

'शांतता! कोर्ट चालू आहे' घे. १९६७ सालचं. एक हौशी मंडळी खेड्यात प्रयोगाला आली आहे, वेळ घालवायला खोटा खटला मांडते, आणि बघता बघता लीला बेणारे नावाची शिक्षिका खरोखरच पिंजऱ्यात उभी राहते. सुरुवातीलाच दाराच्या कडीत तिचं बोट सापडतं. वाचताना वाटतं, किरकोळ गोष्ट आहे, दोन माणसं बोलती करायला घातलेली. पुढे तिला तिथून निघून जायचं असतं तेव्हा तेच दार उघडत नाही. ज्याने रंगसूचना मन लावून वाचल्या त्याला ही कडी दोनदा वाजलेली ऐकू येते. ज्याने गाळल्या त्याला फक्त एक दुर्दैवी बाई दिसते.

त्याच नाटकाच्या शेवटाकडे आरोपीला बोलायला दहा सेकंद दिली जातात. बेणारे बोलते ते मात्र कितीतरी वेळ, आणि त्या वेळात बाकी सगळे जागच्या जागी गोठलेले. ते स्वगत संपतं तेव्हा कोर्टाच्या लेखी ती काहीच बोललेली नसते. म्हणजे ती बोलली की नाही बोलली? आमच्या घरी या एका प्रश्नावर दोन तास गेले होते, आणि एकानेही "आवडलं" हा शब्द काढला नव्हता.

म्हणून प्रत्येक नाटकाच्या वेळी वहीत वस्तूंची यादी कर. 'कोर्ट'मध्ये कडी आणि सामंत नावाच्या गावकऱ्याने आणलेला कापडी पोपट. 'वाडा चिरेबंदी'त मोडून पडलेला ट्रॅक्टर आणि घराण्याचे दागिने. वस्तू पहिल्यांदा कुठे येते, कुणाच्या हातात जाते, शेवटी कुठे असते, एवढं टिपलंस की घराची सगळी उतरंड समोर येते. 'वाडा चिरेबंदी'तली वहिनी रात्री सगळे दागिने अंगावर घालते तो प्रवेश वाचाल तेव्हा थांबा, आणि एकेकाने सांगा, तिथे तुम्हाला बाई दिसली की वाडा दिसला.

पद काढून बघ

संगीत नाटक आलं की तरुण मंडळी अवघडतात. "मध्येच गातात का?" हा प्रश्न दाबू नकोस, उलट तोच बैठकीचा पहिला प्रश्न कर.

थोडं मागचं माहीत असू दे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा गाण्याची जबाबदारी सूत्रधाराची होती. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं आणि पदं पात्रांच्या तोंडी दिली. साकी, दिंडी, कामदा अशा कीर्तनातून आणि घरातून ओळखीच्या झालेल्या चाली, त्यामुळे ती पदं बोलण्याला लागून यायची. दोन वर्षांनी आलेल्या 'सौभद्रा'त शंभरावर पदं आहेत. ती सगळी मैफलीसारखी गायली असती तर अर्जुनाचं लग्न लागायला आठवडा लागला असता. बरीचशी पदं छोटी, संवादाच्या जागी येणारी. पुढे १९११ साली 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ साली 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा रागदारी बंदिशींचा मोठा पट नाटकात आला. बालगंधर्वांचा गळा, ऑर्गन-सारंगीची साथ, वन्समोअरवर वन्समोअर. प्रयोग पहाटेपर्यंत चालायचे.

आता परीक्षा. पद संहितेतून काढून टाक आणि तो प्रवेश पुन्हा वाच. काय होतं ते चार प्रकारचं असतं.

काही ठिकाणी काहीच होत नाही, कथा तशीच पुढे जाते. म्हणजे तिथे नाटक थांबून गाणं ऐकत होतं. त्यालाही कमी लेखू नकोस. प्रेक्षक त्यासाठीच बैलगाड्या जुंपून आले होते.

काही ठिकाणी पात्र मुकं होतं. देवलांची 'शारदा' वाच, १८९९ सालची. बाप पैशासाठी कोवळ्या पोरीला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघाला आहे. त्या घरात शारदेला कोण विचारतं? तिला जे वाटतं ते बोलण्याची मुभा तिला पदातच आहे, आणि देवलांनी ती पदं घरातल्या साध्या शब्दांत ठेवली आहेत. ती काढलीस तर शारदा नुसती देवघेवीची वस्तू उरते.

काही ठिकाणी पद काढलं तर नाटकच उरत नाही. १९६७ सालच्या 'कट्यार काळजात घुसली'त भांडणच गाण्याचं आहे. दोन घराणी, दोन गळे, आणि विद्या कुणाची हा प्रश्न. तिथे तान हाच संवाद.

आणि चौथा प्रकार उलटा. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे यांनी 'द बेगर्स ऑपेरा' आणला. बरोबर दोनशे वर्षांनी ब्रेश्टनी कुर्ट वाईल यांच्या संगीतासह बर्लिनमध्ये त्याचा 'थ्री पेनी ऑपेरा' केला. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९७८ साली, पु. ल. देशपांड्यांनी त्याला 'तीन पैशाचा तमाशा' केलं. इथलं गाणं प्रेक्षकाला कथेत बुडवत नाही, खांद्याला धरून बाहेर काढतं आणि म्हणतं, बघ, हे असं चालतं. 'घाशीराम कोतवाल'मध्ये देवाचा गजर आणि लावणी एकाच दमात येतात, तेव्हाही तेच होतं. दोन्ही सूर ओळखीचे असूनही ते शेजारी शेजारी ऐकताना आपण अस्वस्थ होतो.

जुन्या ध्वनिमुद्रिका जरूर ऐक, पण एक लक्षात ठेव. त्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. म्हणून बालगंधर्वांचं पद तिथे आटोपशीर वाटतं. रंगमंचावर तेच पद रसिकांच्या मागणीप्रमाणे वाढायचं. तबकडी हा प्रयोग नव्हे, प्रयोगातली चिमूटभर साखर आहे.

बोलणाऱ्याकडे नको, ऐकणाऱ्याकडे बघ

प्रयोग बघायला जाशील तेव्हा जमलं तर तेच नाटक दोनदा बघ. पहिल्यांदा सगळे बघतात तसं. दुसऱ्यांदा तिकीट बाल्कनीचं काढ, आणि ठरवून बोलणाऱ्या नटाकडे बघू नकोस. जो ऐकतो आहे त्याच्याकडे बघ. वरून जमिनीवरच्या रेषा दिसतात, कोण कुणापासून किती लांब आहे, कोण कुणाची वाट अडवून उभं आहे. चांगल्या नटाची ओळख त्याच्या ऐकण्यात आहे. वाक्य पोचायच्या आधीच चेहरा तयार असेल तर तो पाठ केलेलं करतो आहे. वाक्य पोचलं आणि मग चेहऱ्यावर काही हललं, तर तो तिथे आहे.

'नटसम्राट'चं उदाहरण घे. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी उभं केलं, आणि तेव्हापासून लोक आप्पासाहेब बेलवलकरांची स्वगतंच आठवतात. तू कावेरीकडे बघ. आयुष्यभर एका नटाचं ऐकत आलेली ही बाई. आप्पासाहेब सगळं मुलांना वाटून टाकतात तेव्हा ती काय करते, कुठे उभी असते? आप्पासाहेबांसारखंच सगळं वाटून टाकणाऱ्या राजा लिअरच्या घरात राणी नाही. शिरवाडकरांनी आप्पासाहेबांना त्यांची 'सरकार', कावेरी, दिली. त्या एका माणसाने दोन्ही शोकांतिकांच्या मधलं अंतर केवढं वाढवलं, यावर एक पूर्ण संध्याकाळ जाईल.

घरी आलीस की त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, वहीत पाच ओळी लिही. एक जागा, एक आवाज, एक वस्तू, एक न कळलेली गोष्ट, आणि प्रेक्षक कुठे हसले किंवा चुळबुळले. मत लिहू नकोस. मत सकाळपर्यंत टिकलं तर मग लिही.

एकच गोष्ट दोन घरांत बघ

अभ्यासाची सोपी वाट म्हणजे जोडी लावून वाचणं. एकटं नाटक गुपितं सांगत नाही, शेजारी दुसरं ठेवलं की बोलायला लागतं. 'ऑथेल्लो' आणि देवलांचं 'झुंझारराव'. 'हॅम्लेट' आणि आगरकरांचं 'विकारविलसित'.

माझी लाडकी जोडी तिघांची आहे. शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये भाषाशास्त्राचा प्राध्यापक रस्त्यावर फुलं विकणाऱ्या एलायझा नावाच्या मुलीला उच्चभ्रूंचे उच्चार शिकवतो. १९५६ साली न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याची संगीतिका झाली, 'माय फेअर लेडी'. १९७५ साली पुलंनी त्याच नाटकाची 'ती फुलराणी' केली आणि भक्ती बर्वेंची मंजुळा घराघरांत पोचली. तीन घरं, एकच मुलगी. शेवट तपासा. शॉने एलायझाचं लग्न प्राध्यापकाशी लावायला शेवटपर्यंत नकार दिला, आणि ती दुसऱ्याशीच लग्न करते असं सांगणारं टिपण पुढे पुस्तकाला जोडलं. संगीतिकेत मात्र ती त्याच्या खोलीत परत येते. का? गाण्यांनी दोघांना इतकं जवळ आणलं की प्रेक्षकांना रिकाम्या हाताने घरी पाठवणं अवघड झालं, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही शोधा. आणि मग मराठीकडे या. लंडनमध्ये उच्चारावरून वर्ग ठरतो. आपल्याकडे भाषेवरून काय काय ठरतं? शुद्ध-अशुद्ध म्हणताना आपण नक्की कुणाला बाहेर ठेवत असतो? तुमच्या आठ जणांत कुणी सातारची असेल, कुणी वऱ्हाडातला, कुणी कोकणातला. प्रत्येकाने मंजुळेची वाक्यं आपापल्या बोलीत वाचून बघा. त्या दिवशी चहा गार होईल.

सन विचार, पण नाटक सनात कोंडू नकोस

खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ सालचं. सैरंध्रीवर हात टाकणारा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सोसणारी द्रौपदी म्हणजे देश, थांबा म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि उठणारा भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना सांगावं लागलं नाही. सरकारलाही लागलं नाही. १९१० साली नाटकावर बंदी आली. हे माहीत नसेल तर अर्धं नाटक हरवतं. पण एवढंच माहीत असेल तर उरलेलं अर्धं हरवतं, कारण कर्झन कोण हे विसरलेल्या वाचकालाही त्या दरबारातली भीती कळते. सन हा दरवाजा आहे. आत गेल्यावर दरवाजाकडेच बघत बसायचं नसतं.

ऐकीव गोष्टीही तपासून घे. 'शारदा' नाटकामुळे बालविवाहाच्या कायद्याला शारदा कायदा म्हणतात, असं मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकलं आहे. १९२९ सालचा तो कायदा हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला गेला. नाटकाने समाजाचं मन तयार केलं हे खरं, पण त्यासाठी खोट्या दाखल्याची गरज नाही. नाटकावरच्या प्रेमापोटी सांगितलेली चुकीची गोष्टही चुकीचीच.

बैठकीचा क्रम मोडू नकोस

वाचन संपलं की लगेच बोलू नका. पाच मिनिटं सगळे गप्प. चहा ठेवायचा तो याच वेळात. मग तीन फेऱ्या.

पहिल्या फेरीत प्रत्येकाने एक जागा दाखवायची. पान काढून, वाक्य वाचून. कारण सांगायचं नाही, मत द्यायचं नाही. दुसऱ्या फेरीत त्या जागांना प्रश्न विचारायचे. ती आत्ताच का निघून गेली? हे वाक्य तिसऱ्या माणसासमोर का बोलला? पद इथेच का आलं? उत्तर संहितेतून शोधायचं. तिसऱ्या फेरीत मत, आणि तेव्हा हवं तेवढं, मोकळेपणाने, आवाज चढवून. मत नकोच असं माझं म्हणणं नाही. मत नसलेला प्रेक्षक कशाला हवा? पण ते तिसरं यावं.

आणि पात्राचं वाक्य नाटककाराच्या पदरात टाकू नका. सखाराम बाइंडर बायकांबद्दल जे बोलतो ते सखाराम बोलतो. नाटककार काय म्हणतो हे कळायला त्याच्या घरातल्या लक्ष्मी आणि चंपा दोघींना शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

वाद पेटला तर

हे मी चूक करून शिकले, म्हणून जपून सांगते. आमच्या बैठकीत एकदा 'घाशीराम' ठेवलं. १९७२ साली पुण्यात पहिला प्रयोग झाल्यापासून नाना फडणविसांच्या आणि ब्राह्मणांच्या चित्रणावरून या नाटकाभोवती वाद आहेत, हे मला माहीत होतं. तरी मी सुरुवातच केली, "हे नाटक ब्राह्मणविरोधी आहे का?" या प्रश्नाने. तीन मिनिटांत दोन तट पडले. पुस्तक कुणी उघडलंच नाही. वीस वर्षांची मैत्री असलेल्या दोघी उठून गेल्या आणि पुढे कितीतरी महिने एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळचं ओझं मी अजून वाहते, कारण जागा मागायच्या आधी मी मत मागितलं होतं.

वर्षभराने तेच नाटक पुन्हा ठेवलं. यावेळी सगळ्यांना उभं केलं, एका ओळीत, खांद्याला खांदा लावून. 'घाशीराम'च्या त्या पहिल्या प्रयोगात पडदा कापडाचा नव्हता, माणसांचा होता. ही ओळ उभी राहिली की मागचं झाकते, फुटली की दाखवते. तीच माणसं घटकेत ब्राह्मण, घटकेत पुण्याचे रहिवासी. ओळीत उभं राहिल्यावर आमच्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी सांगितलं, "मागे काय चाललंय ते मला दिसत नाही, पण मी झाकतो आहे एवढं कळतं." एवढ्या वाक्याने चर्चा जातीवरून सत्तेकडे आणि सत्तेवरून आपल्या प्रत्येकाकडे आली. जातीचा प्रश्न टळला नाही, पण यावेळी तो नाटकातून आला.

म्हणून वाद पेटला की तीन प्रश्न वेगळे काढ. इतिहासात काय घडलं? संहितेत काय लिहिलं आहे? या प्रयोगात काय केलं? तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात मारलं की भांडण होतं.

गावाबाहेरही जा

नाटक म्हणजे शहरातलं वातानुकूलित नाट्यगृह एवढंच समजू नका. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. तुमच्या जवळच्या केंद्रावर जाऊन सलग चार-पाच नाटकं बघा. दिवाळीनंतर वडशाकडे जा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या झाडीपट्टीत रात्र रात्र नाटकं होतात, गाण्यांसकट, आणि हजारो माणसं थंडीत शाली पांघरून बघतात. सिंधुदुर्गात दशावतार बघा, तिथे लिहिलेली संहिता नसते, राजा आणि राक्षस उभ्या उभ्या संवाद रचतात. गोव्यात देवळांच्या उत्सवात गावकरीच मराठी नाटक उभं करतात. "मध्येच गातात का?" या प्रश्नाचं उत्तर तिथे बसलेल्या आजीला विचारा. ती तुमच्यापेक्षा चांगलं देईल.

पहिल्या सहा बैठका

विचारलंस म्हणून सांगते, क्रम असा ठेव. 'शारदा', म्हणजे पदांची भीती जाईल. मग 'एकच प्याला'. तिसरं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. चौथ्यांदा 'पिग्मॅलियन' आणि 'ती फुलराणी' जोडीने. पाचवं 'वाडा चिरेबंदी'. सहावं सतीश आळेकरांचं 'बेगम बर्वे', कारण संगीत नाटकाच्या सरलेल्या वैभवाचं स्वप्न बघणारं ते नाटक, आधीची वाचल्याशिवाय काळजाला भिडत नाही. 'घाशीराम' दुसऱ्या वर्षी. तोवर तुम्ही एकमेकांना ओळखू लागलेले असाल.

दुसऱ्या बैठकीसाठी मामांची 'एकच प्याला'ची प्रत तुला कुरिअरने पाठवते आहे. पानं पिवळी पडली आहेत, सांभाळून उलट. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशात 'ह'ची रांग दिसेल, आणि शेवटाकडे जाता जाता ते 'ह' कसे विरळ होतात तेही दिसेल. तुमच्या खुणा निळ्या पेन्सिलीने करा, म्हणजे कुणाच्या कुठल्या ते कळेल. सिंधूच्या एका प्रवेशात मामांनी उभी रेघ मारून नंतर ती खोडरबराने पुसली आहे. कागदावर वळ उमटला आहे अजून. तिथे नटी गप्प राहायची की नाही, मामांचं मन का बदललं, हे त्यांना विचारायचं माझं राहून गेलं. तुम्ही आठ जण ते पान मोठ्याने वाचा, एकदा थांबून आणि एकदा न थांबता. आणि काय ऐकू आलं ते मला फोन करून सांग.